काळी दोनमधलं गीत

आवाज फाटला असता तर मी समजून घेतलं असतं. फाटतो माणसाचा आवाज. कफ असतो, धूळ असते, आणि बंगळुरात तर बारा महिने कुठे ना कुठे मेट्रोचं खणणं चालूच असतं. पण त्या शनिवारी दुपारी, कॅन्टोन्मेंटातल्या त्या मोठ्या चर्चमध्ये तालमीला, चौथ्या कडव्याच्या वरच्या ओळीत मी चढले आणि जिथे माझा गांधार असतो तिथे नुसता वारा निघाला. सूर नाहीच. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि खाली काही नसावं, तसं झालं. समोर कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळी अशा सगळ्या मंडळ्यांचे गायक उभे होते, कारण दुसऱ्या दिवशी त्या चर्चचा वर्धापनदिन होता आणि प्रत्येक भाषेने एकेक जुनं गीत म्हणायचं ठरलं होतं. शेपटाला आम्ही मराठी. आमचं गीत ते, ज्याला आम्ही नुसतं 'नगरचं गीत' म्हणतो. माझे पप्पा अहमदनगरच्या मिशन शाळेत मास्तर होते, त्यांनी मला शिकवलेलं. पहिली तीन कडवी सगळे मिळून म्हणतात. चौथ्यात चाल खाली चालू राहते आणि तिच्या वरून एकटी सोप्रानोची ओळ जाते. ती ओळ माझी. आमच्या मराठी मंडळीत आजवर ती दुसऱ्या कोणी गायलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी कोणाला गाऊ दिलेलीही नाही.

ऑर्गन थांबला. तो तिथला खरा, भिंतभर नळ्यांचा ऑर्गन, आणि त्यावर बसलेली दिव्यश्री नावाची कन्नड मुलगी. तिने मान वळवून गोड विचारलं, "आंटी, ओंदु निमिष. निम्म चर्चल्ली याव स्केल?" तुमच्या चर्चमध्ये कोणत्या पट्टीत म्हणता, एवढंच तिला हवं होतं. मी माझ्या मोडक्या कन्नडात तोऱ्यात सांगितलं, ई फ्लॅट, पुस्तकात वरच छापलंय. ई फ्लॅट म्हणजे पेटीवरची काळी दोन. पप्पांचं गीत काळी दोनचंच, सावकाश म्हणायचं. तेव्हा मागून आमचे बास, म्हणजे सगळ्यात खालची ओळ गाणारे हंबीरराव बोलले; मला ते अक्का म्हणतात. मनाने साधा माणूस, जीभ मात्र सैल. "सी, अम्मा, सी. अक्कांच्या गीताला आम्ही सीमध्येच असतो. आज वर आलो तर स्वल्प बरं वाटलं बघा, नाहीतर दर वेळी तळघरात उतरायचं म्हणजे..." आणि मध्येच थांबले. सी म्हणजे पांढरी एक. काळी दोनच्या चांगली तीन घरं खाली. मी हसून म्हणणार होते की हंबीरराव, तुम्हाला पट्टीतलं काय कळतंय. पण मी आमच्या लोकांकडे पाहिलं. माझ्या शेजारी गाणारी सुप्रीता पुस्तकाची पानं उलटत होती. पाळकसाहेबांच्या बाई वर पंख्याकडे बघत होत्या. कोणीही 'काय म्हणता!' म्हणालं नाही. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. आणि आमचे ऑर्गनवादक, म्हणजे माझे यजमान शरच्चंद्र, खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ होता. सकाळी मीच धुऊन दिला होता.

येलहंकाला घरी जायला आम्ही टॅक्सी केली. ड्रायव्हरने दोनदा एसी कमी करू का विचारलं, दोन्ही वेळा हे कन्नडात म्हणाले, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. खिडकीतून हेब्बाळचा पूल गेला, तळं गेलं, आणि मी मनातल्या मनात तो डो शोधत होते. आम्ही सा नाही म्हणत, डो म्हणतो. पप्पांनी मुठीने शिकवला. मूठ पोटापाशी धरली की डो, तळवा तिरका वर केला की रे, आडवा धरला की मी, म्हणजे गांधार. काळ्या फळ्यावर रेघांचं इंग्रजी नोटेशन ते कधी काढायचे नाहीत, मिशनच्या मास्तरांना त्याची गरजच नव्हती. "डो कुठेही ठेव," म्हणायचे, "बाकीचे सूर त्याच्याच घरात राहतात. पट्टीची काळजी पेटीवाल्याने करायची, गाणाऱ्याने नाही." किती आवडायचं मला ते. मूठ जिथे असेल तिथे घर. शाळेच्या ओसरीवर उभी राहून मी कोणत्याही डोवरून गीत उचलायची आणि पप्पा डोळे मिटून हात हलवायचे. आणि आता टॅक्सीत बसल्या बसल्या मला कळत होतं की ज्या विद्येचा मी जन्मभर अभिमान धरला, तिनेच मला उघड्यावर सोडलं होतं. घर उचलून कोणी तीन गल्ल्या पलीकडे नेऊन ठेवलं तरी आतल्या माणसाला पत्ता लागू नये, अशी ती विद्या. ज्याला पट्टी कानाने कळते असा माणूस हजारात एखादा. आमच्या घरात तो होता, आणि नेमका तोच पेटीवाला होता.

मल्लेश्वरममध्ये एका कन्नड चर्चची जागा आम्हाला रविवारी दुपारी मिळते. तिथे आमचा छोटा विजेचा ऑर्गन आहे. त्याच्या उजव्या टोकाला एक बारकी कळ आहे आणि तिच्याशेजारी लाल आकडा उमटतो. स्केलचेंजर पेटीचे पडदे सरकवतात ना, तसंच त्या कळीने होतं. हात नेहमीच्या जागी वाजवतात आणि सूर खालचे निघतात. ती कळ मी कित्येकदा फडक्याने पुसलीय. मला वाटायचं आवाज लहानमोठा करायची असेल. उपासनेआधी हे खुर्ची सरकवून बसायचे, उजवा हात एकदा त्या टोकाला जायचा, आणि मग मान तिरकी करून मला पहिला सूर द्यायचे. लग्नाआधीसुद्धा यांनी मला असाच सूर दिला होता. तेव्हा हे आमच्या नगरच्या संमेलनाला बंगळुराहून आले होते, मराठीत 'स्वल्प' आणि 'सरी' मिसळून बोलायचे आणि आम्ही मुली तोंडाला पदर लावून हसायचो. पण त्यांनी ज्या तऱ्हेने सूर दिला, न घाई करता, माझ्याकडे बघत, तू तयार असशील तेव्हा सुरू कर अशा तऱ्हेने, त्यावर मी भुलले. पैशाअडक्यावर नाही, रूपावर तर नाहीच नाही. हा माणूस मला सूर देईल आणि तो बरोबर असेल, एवढ्या एका गोष्टीवर मी माझं गाव सोडून इतक्या लांब आले. आता सांगा, त्यातली नेमकी तीच गोष्ट खोटी निघाल्यावर उरलेल्या संसाराचं मी काय करायचं?

आणि लय. लयीचं तर मला हेब्बाळच्या पुलावरच आठवलं आणि कान तापले. गेली काही वर्षं यांचे हात गीतात पळायचे. सावकाश म्हणायचं गीत, पप्पा एकेका ओळीला अख्खा श्वास लावायचे, आणि हे आपले दूधवाल्यासारखे घाईत. मी भांडायची. परत येताना रस्त्यावर, चारचौघांत, मुलीसमोर. "अहो, गाडी चुकतेय का?" हे मान खाली घालून म्हणायचे, "वय झालं, शालन. हात धरवत नाहीत." मी ते खरं मानलं. मंडळीत मी कितीदा हसत सांगितलंय की आमच्या ह्यांचे हात म्हातारे झाले, गळा मात्र माझा देवाने राखलाय. लोक हसायचे. आता मला त्यांचं ते हसणं एकेक करून ऐकू येत होतं. सुप्रीताचं, हंबीररावांचं, पाळकसाहेबांचं. हात काही पळत नव्हते. माझा श्वास ओळीच्या टोकापर्यंत पुरत नव्हता, म्हणून ओळच आखूड केली जात होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे मला नाचता येत नव्हतं म्हणून कोणीतरी अंगणच गुपचूप सरळ करून ठेवत होतं, आणि मी आपली गिरक्या घेत होते.

घरी आल्यावर मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "कधीपासून?" विचारलं.

"आधी पाणी पी."

"कधीपासून?"

हे सोफ्याच्या कडेवर बसले. "तुझ्या गळ्याची गाठ काढली ना, थायरॉइडची, त्यानंतर. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, वरचा आवाज जाईल, पूर्ण परत यायचा नाही. तुला सांगू का, म्हणाले. मी म्हटलं, मी सांगतो."

"आणि?"

"ईस्टर होता. म्हटलं, एवढा ईस्टर होऊ दे, मग सांगू. एक घर खाली घेतलं, बस. तू घरी आलीस आणि पोळ्या करताना पुन्हा तेच गात होतीस. आजारपणानंतर पहिल्यांदा गात होतीस, शालन. मग काय सांगणार होतो मी? पुढे आणखी एक. मग आणखी एक. त्यानंतर सांगायची वेळच निघून गेली."

"मंडळीला कोणी सांगितलं?"

"बासना सांगावंच लागलं. त्यांना खाली पोचेना."

"सुखदाला?"

त्यांनी पुन्हा चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणजे मुलीलासुद्धा. जे. पी. नगरहून मुलंबाळं घेऊन ती नाताळला येते, पहिल्या बाकावर बसते, डोळे पुसते आणि म्हणते, मम्मी, तुझा आवाज अजून तस्साच आहे. केसाने गळा कापणं म्हणतात ते ऐकून होते. इथे तर घरातल्या घरात, एकमेकांकडे बघून मान डोलावत सगळ्यांनी कापला होता, आणि वर मला वाटत होतं की माझे लाड चाललेत. मला तळहाताच्या फोडासारखं जपलं म्हणे. फोडाला कोणी विचारतं का, तुला काय वाटतं म्हणून?

कपाटावर पेटी होती. सुखदाचं लग्न झाल्यापासून ती तिथेच. भाता फाटलाय, दुरुस्तीला टाकू कधीतरी, असं हेच म्हणाले होते. मी स्टूल घेतलं आणि ती खाली ओढली. हे उठून म्हणाले, "अगं थांब, स्वल्प थांब, मी काढतो." मी काढू दिली नाही. धूळ झटकून भाता ओढला. भाता अगदी धडधाकट होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी भिंतीकडे. ही साधी पेटी, हिला सरकणारे पडदे नाहीत, काळी दोन दाबली की काळी दोनच वाजते. मी ती स्वतःच्या बोटाने दाबली आणि वरची ओळ म्हटली, सावकाश, पप्पा म्हणायचे तशी. डोपर्यंत गेले. रेला आवाज चरचरला. त्याच्या वर काही नाही. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथेच. माझा गळा कुठे संपतो हे मी माझ्या घरात, माझ्या बोटाखालच्या सुरावर, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण रडू आलं नाही, उलट डोकं थंड झालं. निदान हे खरं होतं.

हे माझ्यामागे उभे होते. हळूच म्हणाले, "उद्याची काळजी करू नको. दिव्यश्रीशी बोललोय मी निघताना. हुशार आहे पोरगी, बघता बघता सीमध्ये वाजवेल. बाकीच्या मंडळ्यांनाही चालतंय."

मला क्षणभर वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणजे मी त्या दालनात सगळ्यांदेखत उघडी पडले होते, पर्स शोधत होते, आणि तेवढ्या वेळात यांनी सगळ्या भाषांच्या लोकांना आमच्या घरच्या लबाडीत ओढलं होतं. मी पेटी बंद केली. "ऐका," म्हटलं. "उद्या गीत काळी दोनमध्ये होईल. सावकाश. पुस्तकात आहे तसं."

"तुटेल, शालन. तिथे शेकड्यांनी लोक असतील."

"तुटू दे. माझा आहे तो, तुटला तर माझा तुटेल. मला एकदा तरी माझ्या गळ्याने पडू द्या. त्यानंतर मी ती ओळ सुप्रीताला देईन, खुशीने देईन, तुम्ही म्हणाल तर मागे अल्टोत, खालच्या ओळीच्या बायकांत बसेन. पण ते मी ठरवणार. मला पट्टी ओळखता येत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. उद्या ऑर्गनने काहीही वाजवलं तरी मला कळायचं नाही. म्हणून तुमच्याकडून शब्द हवाय. तेवढा एक द्या, मग मागचं सगळं मी गिळते."

यांनी माझा हात हातात घेतला. "सरी," म्हणाले. "काळी दोन. दिव्यश्रीला आत्ताच फोन करतो." आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. येलहंकाच्या आकाशात हवाई दलाचं एक विमान घोंघावत होतं, त्यामुळे त्यांचं बोलणं काही मला ऐकू आलं नाही. आत येऊन म्हणाले, "झालं." मी मागचं गिळलं. म्हणजे गिळायला सुरुवात केली. जेवणात त्यांना आवडते तसं पिठलं केलं.

रविवारी चर्च भरून गेलं होतं. आमचं गीत शेवटचं. हे आज वाजवणार नव्हते, पुरुषांच्या टेनरच्या रांगेत उभे होते, राखी सूट घालून. दिव्यश्रीने सुरुवात केली आणि मी जीव कानांत आणून ऐकत राहिले, तो डो कुठला आहे ते कळेल म्हणून. नाही कळलं. कसं कळणार? मूठ पोटापाशी नेली आणि तो माझा डो झाला, जसा कोणताही झाला असता. पण लय सावकाश होती. अगदी हवी तशी, एकेक ओळ अख्ख्या श्वासाची. तेव्हा मी समजले की शब्द पाळला गेलाय. इतक्या वर्षांत ते गीत मी या चालीने ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यात मला नगरची ओसरी दिसली, पप्पांचे मिटलेले डोळे दिसले, आणि यांच्याबद्दलचा राग आत कुठेतरी सैल झाला. म्हटलं, चुकले असतील, पण मागितल्यावर दिलं या माणसाने. तिसरं संपलं. आता पडायचं, मी स्वतःला सांगितलं, ताठ उभं राहून पडायचं. चौथं सुरू झालं आणि मी वर गेले. डो. रे चरचरला नाही. मी गेले तशीच पुढे, आणि गांधार आला. आला! पूर्ण, गोल, न थरथरता, आणि त्या उंच छतापर्यंत जाऊन परत माझ्याकडे आला. श्वास उणा पडतोय असं एकदा वाटलं, पण ओळ टोकाला पोचली. मला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते, दोन्ही एकदम. डॉक्टर काय, सगळेच चुकले होते. घरी खोलीत गळा दबला असेल, इथे जागा मोठी आहे, देवाचं घर आहे, इथे मोकळा झाला. माझा गळा माझ्याजवळ होता. मी पप्पांचं नाव घेतलं. बाकावर बसले तेव्हा मी इतकी सुखी होते की शेजारी बसलेल्या सुप्रीताचा हात मी घट्ट धरला.

उपासना संपल्यावर अंगणात केक आणि कॉफी होती. लोक येऊन हात हातात घेत होते. गर्दीतून दिव्यश्री आली, पाठीवर पिशवी, घाईत. कन्नडातच म्हणाली, आंटी, छान झालं, आणि मग कामाचं विचारावं तसं विचारलं, "सीनल्ली सरी इत्ता, आंटी?" सीमध्ये ठीक होतं ना, म्हणून. पुढे म्हणाली, "अंकल रात्री फोनवर म्हणाले, आंटींना सीच हवंय, फक्त स्वल्प सावकाश वाजव."

मी म्हटलं, सरी इत्तु. ठीक होतं. दुसरं काय म्हणणार? तिची काही चूक नव्हती. ती गेली. मी कॉफीचा कप बाकड्यावर ठेवला. लय तेवढी खरी दिली होती त्यांनी, मला पटावं म्हणून.

मग हे आले. सूटच्या बाहीने डोळे टिपत होते. इतके आनंदलेले मी त्यांना सुखदाच्या जन्मानंतर पाहिले नव्हते. माझे दोन्ही खांदे धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलंस? काळी दोन! काळी दोनमध्ये आला की नाही? मी उगीच घाबरलो होतो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. कुठे एखादी सुरकुती हलेल, पापणी चुकेल, म्हणून पाहत राहिले. काही हललं नाही. हंबीरराव जवळच उभे होते, त्यांनी कॉफीत बघायला सुरुवात केली. एक शब्द बोलले असते मी, तर तिथल्या तिथे सगळं संपलं असतं, आणि कदाचित नव्याने सुरूही झालं असतं. पण माझ्याजवळ आता त्यांना देण्यासारखा खरा शब्द उरला नव्हता. त्यांना जे ऐकायचं होतं तेच मी दिलं, घाई न करता, त्यांच्याकडे बघत.

"हो," मी म्हणाले. "आला."

त्यांनी समाधानाने माझ्या पाठीवर थोपटलं आणि केक आणायला गेले.